आत्याचा वस्तरा आणि आमचा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा आमच्याकडून इतिहासाचीच अपेक्षा असणार, हे उघड होते. एकोणतीस वर्षे या शाळेत इतिहास शिकविणाऱ्या माणसाने दुसरे काय लिहावे? परंतु गेले वर्षभर आमच्या डोक्यात, आणि खरे सांगायचे तर आमच्या हातात, एक वेगळीच वस्तू आहे. ती म्हणजे वस्तरा. हल्ली केशकर्तनालयात ब्लेडचे अर्धे पान अडकवून वापरतात तो नाही. ज्याचे पाते अखंड पोलादाचे असते, जे मुठीत मिटते आणि ज्याची धार आपली आपणच राखावी लागते, असा जुन्या घडणीचा वस्तरा. तो राखायला आम्ही वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी शिकलो, आणि शिकताना बरेच काही बिघडवले. त्याची ही हकीकत आहे. तीत इतिहास येईलच. तो टाळू म्हटले तरी आम्हाला टळत नाही.

आरंभ वर्गातच झाला. बाबासाहेबांचे आत्मकथनपर लेखन 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध आहे. शासनाने छापलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते वाचायला मिळते. त्यात साताऱ्याच्या बालपणाविषयी सांगताना ते लिहितात की, गावात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती; पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते, म्हणून घरातल्या मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे, आणि भावंडांवर हात चालवून चालवून ती या कामात चांगली तरबेज झाली होती. नववीच्या मुलांना हा प्रसंग सांगताना आम्ही दरवर्षी आमच्या आत्याची गोष्ट जोडीत असू. ती ऐकलेला आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आज जर्मनीत नोकरीला आहे. चाकू-कात्र्या आणि वस्तऱ्यांसाठी शतकानुशतके नाव मिळवलेले झोलिंगन हे गाव त्याच्या राहत्या ठिकाणापासून फार दूर नाही. गेल्या वर्षी त्याने तेथून एक नवा वस्तरा पाठविला. सोबत चामड्याचा पट्टा होता आणि चिठ्ठी होती, "सर, आत्याबाईंसाठी."

आत्याची गोष्ट अशी. आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फौजेत होते. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यानंतरच्या भरतीतले ते. परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक वस्तरा होता. गावचा न्हावी आमच्या वस्तीत धोकटी घेऊन येत नसे आणि आम्ही त्याच्या ओट्यावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. आजोबांनी हे काम आपल्या थोरल्या मुलीला शिकवले. तीच आमची आत्या. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परतली, ती कायमचीच. दर रविवारी सकाळी कडुनिंबाखाली पाट मांडला जाई. पितळी वाटीत पाणी, एक काळा गुळगुळीत निसणा, आणि दाराच्या चौकटीला खिळ्यावर अडकवलेला आजोबांचा जुना फौजी पट्टा. त्या पट्ट्यावर वस्तरा फिरू लागला की सप्-सप् असा आवाज येई. वडील, दोन्ही काका, मग आम्ही चौघे मुलगे, शेवटी शेजारपाजारची दोन-तीन म्हातारी माणसे. आत्या कोणाकडून काही घेत नसे. म्हातारे मात्र जाताना मूठभर शेंगा पाटावर ठेवून जात.

येथे एक आडवळण घेतो. विधवेच्या हातात वस्तरा असणे ही गोष्ट त्या काळच्या समाजात किती उलटी होती, हे आम्हाला एम. ए. करताना कळले. उच्चवर्णीय विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला जात असे आणि ते काम न्हाव्याकडून करवून घेतले जाई. 1890 साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. एका कारागिराने आपले हत्यार खाली ठेवून केलेला तो निषेध आम्हाला नेहमीच मोठा वाटत आला आहे. त्याच हत्याराने आमच्या वस्तीत यायचे नाकारले होते, हेही तितकेच खरे. दोन्ही नकार एकाच जमातीच्या नावे मांडावे लागतात. इतिहासाच्या पानावर एकाने दुसरा पुसला जात नाही.

तर आत्याचा तो वस्तरा आम्ही मोडला. 1980 सालच्या एप्रिलात, आम्ही बारा वर्षांचे असताना, 14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठी निळ्या पताका करायच्या होत्या. त्यांच्या काड्यांसाठी बांबू चिरायला घरात कोयता सापडला नाही. वस्तऱ्याने कागद कसा सर्रकन कापला जातो, ते पाहिलेले होते. बांबूच्या पेरावर पाते बसले आणि धारेतून जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा उडाला. आत्या रागावली नाही. आठवडाभर ती दुपारच्या वेळी तो खांडा घासून काढण्यासाठी निसण्याशी बसून राहिली. पण खांडा खोल होता. पुढच्या रविवारी वडिलांच्या गालावर ओरखडा उठला. त्यानंतरच्या रविवारी वडील सायकल काढून तालुक्याच्या गावी गेले. तिथे बसस्थानकासमोरच्या सलूनमध्ये कोणी कोणाला जात विचारीत नसे. काकाही जाऊ लागले, मग आम्हीही. आरसा, फिरती खुर्ची, भिंतीवर नटनट्यांची चित्रे! आम्हाला ती प्रगती वाटली, आणि ती होतीच. मात्र रविवारचा पाट उचलला गेला, तेव्हा आत्याला काय वाटले असेल, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. वस्तरा पुढे भंगारात गेला. आत्या 1996 साली गेली.

अशा पार्श्वभूमीवर ती जर्मन पेटी उघडली. पाते आरशासारखे लखलखीत होते. पहिली दाढी बरी झाली. हनुवटीखाली दोन ठिकाणी रक्त आले, ते हाताच्या नवखेपणाचे. दुसऱ्या दिवसापासून आम्ही धार राखण्याचा चंग बांधला, आणि तेथूनच बिघाड सुरू झाला. नव्या माणसाला वाटते की, धार म्हणजे दगड. खरे तर नवा वस्तरा एकदा नीट धारेला लागलेला असला, तर काही महिने त्याला दगड दाखवायची गरजच नसते. त्याची रोजची निगा चामड्यावर होते. दाढी करताना धारेची अतिसूक्ष्म कड केसांवर आपटून किंचित मुडपते. चामडे तिला पुन्हा सरळ करते. दगड पोलाद झिजवतो, चामडे ते वळणावर आणते. ही दोन कामे वेगळी आहेत, एवढे आधी कळले असते तर आमचे दोन महिने वाचले असते.

आम्ही काय केले? सिनेमात पाहिल्याप्रमाणे पट्टा सैल धरून वस्तरा झपाझप चालवला. सैल पट्टा मध्ये झोळ घेतो, त्या झोळात धार गोलावते आणि उपचारानेच बोथट होते. वळवताना मनगट फिरवले ते उलट्या बाजूने, त्यामुळे धार चामड्यात रुतून पट्ट्याला तीन चिरा पडल्या. पंधरा दिवसांत वस्तरा केस कापेनासा झाला, ओढू लागला. ओढतो म्हणून आम्ही दाब दिला, दाब दिला म्हणून कापले. बोथट वस्तरा निरुपद्रवी असतो, हा आमचा समज गालावरच्या चार पट्ट्यांनी दूर केला. धारदार वस्तऱ्याला दाब लागत नाही. जखम होते ती बहुधा दाबाने.

मग आम्ही दगड विकत आणला. या दगडांवर आकडे असतात. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. 1000 चा दगड घडण करतो, 4000 आणि 8000 चे ती गुळगुळीत करीत नेतात. आम्ही उत्साहाने थेट 1000 च्या दगडावर गेलो आणि धारेपर्यंत दगड पोचावा म्हणून पात्याची पाठ उचलून घासू लागलो. यापेक्षा मोठी चूक करता येत नाही. वस्तऱ्याची जाड पाठ उगीच नसते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवली की दोहोंमधला कोन आपोआप बसतो. घडविणाऱ्याने तो पाठीच्या जाडीत आणि पात्याच्या रुंदीत आधीच मोजून ठेवलेला असतो. चाकूला धार लावताना अंदाज लागतो, वस्तऱ्याला फक्त तो सपाट ठेवण्याचा संयम लागतो. पाठ उचलली म्हणजे तो मोजलेला कोन आपण आपल्या हाताने मोडला. आम्ही मोडला.

आपल्या गावात पाण्याच्या टाकीजवळ एक जुने केशकर्तनालय आहे. आता तेथे मुलगा बसतो आणि वडील बाकावर वर्तमानपत्र वाचत असतात. वय ऐंशीच्या घरातले. आम्ही वस्तरा रुमालात गुंडाळून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उघडला, दाराशी जाऊन उन्हात धरला आणि धार डोळ्यांसमोर आणून पाहिली. "उजेड दिसतोय, गुरुजी," ते म्हणाले. आम्हाला वाटले, स्तुती आहे. ते पुढे म्हणाले, "धारेवर उजेड दिसला म्हणजे धार नाही. खरी धार उजेडाला थारा देत नाही, ती काळी दिसते." बोथट कडेला सपाटी आलेली असते आणि ती सपाटी प्रकाश परतवते. भौतिकशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांनी नंतर यावर मान डोलावली.

काकांनी मुलाला सांगून माळ्यावरून धोकटी काढवली. तिच्यात निसणा होता, आत्याच्या निसण्यासारखाच काळा, मध्ये किंचित दबलेला. तो बाजूला ठेवून त्यांनी आमचाच दगड मागवला. "माझा आता खोल झालाय, त्याच्यावर सरळ पातं बिघडेल." पाण्याचे थेंब टाकून ते संथपणे पाते फिरवू लागले. दगडावर धार पुढे, पाठ मागे. टोकाला पोचले की पाठीवरच कूस बदलायची, धार उचलायची नाही. आम्ही शाळेच्या कार्यालयातून आणलेल्या काळ्या मार्करने धारेवर शाई फासली होती. चार हात फिरवल्यावर शाई कोठे गेली आणि कोठे राहिली, यावरून दगड कोठे लागत नाही, ते दिसते. ही युक्ती आमची, आणि काकांना ती आवडली, हे येथे नमूद करताना आम्हाला थोडा अभिमान वाटतो. आम्ही उचललेल्या पाठीचे नुकसान भरून यायला त्यांना दीड तास लागला. मग पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून, ताणून धरून, त्यांनी आमच्या हाती वस्तरा दिला. "आता उलटं. चामड्यावर पाठ पुढं, धार मागं. हात जड करू नका. मोजा." पन्नास फेऱ्या. विसाव्या फेरीला आमची घाई सुरू झाली तेव्हा त्यांनी फक्त पट्टा सैल सोडला आणि आम्ही थांबलो.

त्या दीड तासात आम्ही त्यांना आत्याची गोष्ट सांगितली. त्यांचे बोट दगडावर थांबले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आमचे वडील पण तुमच्या लोकांच्या वस्तीवर कधी गेले नाहीत. गेले असते तर गावानं बलुतं बंद केलं असतं." आम्ही काही बोललो नाही. बलुतेदारीत न्हाव्याचे पोट सुगीच्या धान्यावर असे, आणि ते धान्य गावातल्या ज्यांच्या खळ्यावरून येई, त्यांच्या मर्जीविरुद्ध जाणे त्याला परवडणारे नव्हते, हे आम्ही मुलांना शिकवतो. कारण समजते. समजल्याने रविवारच्या पाटावरची आत्या मात्र आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काकांनाही बहुधा ते जाणवले असावे. निघताना आम्ही पैसे विचारले, तर त्यांनी हात हलवला आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात दाखवायला आणा." तेव्हापासून दर महिन्याला आम्ही जातो. बाकावर शेजारी बसतो.

आता आमचा क्रम ठरून गेला आहे. दाढीपूर्वी पट्ट्याच्या कापडी बाजूवर दहा आणि चामड्यावर चाळीस फेऱ्या. गरम पाण्याने चेहरा तीन मिनिटे भिजवायचा, कारण कोरडा केस तांब्याच्या तारेसारखा धारेला छळतो. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांवर, दाब नाही. बेसिनमध्ये जुना टॉवेल अंथरायचा. नळाच्या तोटीला धारेचा एक निसटता स्पर्शसुद्धा बांबूइतकाच महागात पडतो. शेवटी पाते सुती कापडाने पुसून, काही तास उघडेच ठेवून मग मिटायचे. पावसाळ्यात ओलसर मिटलेला वस्तरा दोन दिवसांत तांबूस ठिपके धरतो. हेही आम्ही करून पाहिले आहे. काका खोबरेल लावायला सांगतात. आम्ही शिलाई मशीनचे तेल लावतो आणि त्यांना सांगत नाही.

शाळेच्या श्रामणेर शिबिराशी या वस्तऱ्याचा संबंध काही पालकांनी जोडला, म्हणून एक खुलासा करणे भाग आहे. शिबिरात मुलांची मुंडणे या वस्तऱ्याने होत नाहीत, आणि होणारही नाहीत. एक वस्तरा अनेकांच्या डोक्यावरून फिरवणे आज कोणालाच क्षम्य नाही. रक्तातून पसरणारे आजार श्रद्धा पाहत नाहीत. प्रत्येक मुलासाठी नवे ब्लेड, हाच आपला नियम आहे. मात्र मुंडणाच्या वेळी केस, रोम, नखे, दात आणि त्वचा या पाचांचे चिंतन करायला भंतेजी सांगतात, तेव्हा आम्ही मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत आपण वस्तरा मोजतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्षूंना वस्तरा बाळगण्याची अनुज्ञा दिली आहे, पण ती एकट्या वस्तऱ्यापुरती नाही. सोबत खुरसिला म्हणजे वस्तऱ्याचा दगड, त्याचे म्यान आणि नमद्याचा तुकडा, यांचीही अनुज्ञा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाच्या नियमांत धार लावण्याच्या दगडाचा वेगळा उल्लेख सापडावा, याचे आम्हाला पहिल्यांदा हसू आले होते. आता येत नाही. ज्या उपालींनी राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण केले, ते पूर्वाश्रमीचे न्हावी होते. शाक्य कुमारांनी आपला अभिमान गळावा म्हणून त्यांना आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली, हे आपल्या मुलांना पाठ आहे. उपाली धोकटी बाळगणारे होते म्हणजे निसणाही बाळगणारे होते, एवढी भर आम्ही घालतो.

आमचे वडील आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना अंथरुणातून उठवत नाही आणि डोळ्यांना फारसे दिसत नाही. सलूनमध्ये नेणे थांबले. यंत्राने दाढी केली तर ते त्रासतात. चार महिने आम्ही रोज स्वतःच्याच गालावर हात बसवला आणि गेल्या महिन्यातल्या एका रविवारी पट्टा त्यांच्या खोलीतल्या खिडकीच्या गजाला अडकवला. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी मान वळवली. पंधरा-वीस झाल्या असतील.

"अक्का सावकाश ओढायची," ते म्हणाले.

आम्ही सावकाश केले. पन्नास झाल्यावर फेस लावला, बोटांनी त्वचा ताणून धरली आणि कानशिलापासून सुरुवात केली. ऐंशी पार केलेल्या माणसाची त्वचा पातळ आणि सैल असते. काकांनी सांगितले होते की तिथे धारेवर भरवसा ठेवा, हातावर ठेवू नका. रक्त आले नाही. पुसून झाल्यावर वडिलांनी हात वर करून दोन्ही गाल चाचपले, मग हनुवटी, मग मानेच्या मागे बोटे नेली.

"इथं राहिलंय," ते म्हणाले. "अक्का मान आधी करायची."

बांबूची गोष्ट त्यांना त्या वेळी सांगावी, असे फार मनात आले. खांडा कोणी पाडला, हे त्यांना कधी कळले नव्हते. आत्याने सांगितले नव्हते. आम्ही सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हाला वाटले, झोप लागली. मग त्यांनी उशीवरून मान किंचित पुढे केली आणि आम्ही पुन्हा फेस कालवायला उठलो.